तिरप्या उन्हाचा मुलूख

पुणे-सोलापूर पट्ट्यात मे महिन्याच्या मध्याच्या आसपास एक दुपार अशी येते, की उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच विरते. सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या उजेडात माळ, ढेकळं, बांध, बाभळी सगळं चपटं होऊन जातं. तोच माळ डिसेंबरअखेरीस पाहावा. २१-२२ डिसेंबरला पुण्याच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या फारसा वर चढत नाही. पुरुषभर वाढलेल्या ज्वारीच्या ताटाची सावली माध्यान्हीलाही जवळजवळ ताटाएवढी पडते. सकाळ-संध्याकाळी तर एका बाभळीची सावली अख्खं वावर ओलांडून जाते. नांगरटीच्या तासाला सावली मिळते, बैलाच्या खुराच्या ठशाला मिळते, हरळीच्या काडीलाही मिळते. जमिनीला उंची-खोली येते. थंडीतलं खेडं कॅमेऱ्यात इतकं चांगलं का उतरतं, याचं पहिलं कारण हे आहे.

हिवाळ्याचा फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी काश्मीर आणि मनाली उभी राहते. त्याखालोखाल महाबळेश्वर. वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला एखाद्या पहाटे दंव गोठतं आणि त्या पांढऱ्या कणांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. मग निफाड. तिथल्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा राज्यभर बातमी होतो, सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्या दिसतात. हे फोटो निघायलाच हवेत. निफाडच्या शेकोटीमागे तर घड वाचवण्याची रात्रभराची धडपड असते. पण मला ज्या हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे त्यात गोठलेलं पाणी नाही आणि विक्रमी पाराही नाही. तो इंदापूर, करमाळा, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातला आहे. घराच्या परसदारापासूनच तो सुरू होतो, म्हणून तो पाहायला मुद्दाम कुणी जात नाही. गेले काही हिवाळे मी कॅमेरा घेऊन याच भागात फिरतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. इथलं सौंदर्य शेतीच्या कामापासून वेगळं काढता येत नाही. पीक कोणत्या अवस्थेत आहे, कोळपणी झाली की राहिली, रात्री आभाळ निवळ होतं की नाही, हे ज्याला समजतं त्यालाच इथला उजेड सापडतो.

मराठी गद्याला ही नजर फार पूर्वी आली. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झालं. एकेक महिना घेऊन त्यातलं आभाळ, झाडं, पाखरं, फुलं त्यांनी लिहिली, आणि ती झाडं बहुतेक सगळ्यांच्या ओळखीचीच होती. आपलं निसर्गछायाचित्रण मात्र अजून वाघ, रोहित पक्षी आणि धबधबे यांच्यापाशीच जास्त रेंगाळतं. हातातल्या मोबाइलला चांगला कॅमेरा आहे आणि दाराबाहेर हरभरा फुलला आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असलेले लाखो लोक आज खेड्यांत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात वेळेपासून करू. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा असला, तरी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो त्या दिवशी नाही. पुण्यात ती तारीख जानेवारीच्या मध्यानंतर येते. तेव्हा सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. उलट सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीलाच होऊन गेलेला असतो, सहाच्या आत. पृथ्वीची कललेली आस आणि तिची किंचित लांबट कक्षा यांमुळे सूर्याची दुपार आणि घड्याळाची दुपार एकमेकांपासून सरकत राहते, त्याचा हा परिणाम. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा वेगळाच होतो. जानेवारीत सूर्य वर येतो तेव्हा गाव उठून दोन तास झालेले असतात. धारा काढून दूध डेअरीला गेलेलं असतं, गोठ्यातलं शेण निघालेलं असतं, बाया खुरपी घेऊन रानाच्या वाटेला लागलेल्या असतात. सोनेरी उजेड आणि चालू काम यांची गाठ पडते.

याच वेळी गावावर धुराचा एक सपाट पट्टा तरंगताना दिसतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. एरवी उंच जावं तशी हवा गार होते. थंडीच्या पहाटे हा क्रम उलटतो. गार हवा जड असते, ती ओढ्याच्या आणि नदीच्या खोलगटात साचते. धूर चढत चढत वरच्या उबदार थरापाशी पोचला की थबकतो आणि आडवा पसरतो. गॅस घरोघर आला, तरी अंघोळीचं पाणी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवर तापतं, त्यामुळे हा धूर संपलेला नाही. गावाबाहेरच्या टेकाडावरून सूर्याकडे तोंड करून पाहिलं, तर त्या पट्ट्याच्या वर फक्त देवळाचा कळस, मोबाइलचा मनोरा आणि एखाद्या जुन्या पिंपळाचा शेंडा राहतो. ऊन तापलं की जमीन गरम होते, थर मोडतात, पट्टा विस्कटून जातो. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. वारं असलेल्या किंवा ढगाळ रात्रीनंतर ते दिसतच नाही. म्हणून आदल्या रात्री अंगणात उभं राहून चांदण्या स्पष्ट दिसतात का आणि झाडाचं पान हलतं का, एवढं पाहिलं तरी सकाळचा अंदाज येतो.

तीच निरभ्र आणि निवांत रात्र दंवाचीही असते. जमिनीप्रमाणे पानंही उष्णता सोडतात, हवेतल्या बाष्पाचं पाणी त्यांच्यावर जमतं. पण पानावर दिसणारा प्रत्येक थेंब दंवाचा नसतो. गव्हाच्या कोवळ्या पात्याच्या नेमक्या टोकावर जो एकच टपोरा मणी उभा असतो, तो झाडाच्या आतून आलेला असतो. मुळं रात्रीही पाणी घेत राहतात, थंड दमट हवेत पानांतून बाष्प बाहेर पडत नाही, मग ते पाणी पात्याच्या टोकाच्या छिद्रातून थेंबाने बाहेर येतं. दंव पात्यावर सगळीकडे बारीक पसरतं. हा मात्र टोकावर बसतो. पाणी दिलेल्या गव्हाच्या शेतात सूर्य उगवताना वाफ्याच्या पातळीला डोळा नेला, की पात्यागणिक एक मणी पेटलेला दिसतो, आणि प्रत्येक मण्यात समोरचा बांध उलटा.

पण माझ्या मते या पट्ट्यातलं थंडीचं सर्वांत देखणं पीक हरभरा. चालत्या माणसाला ते गुडघ्याच्या खाली, करड्या-हिरव्या गर्दीसारखं दिसतं आणि तो पुढे जातो. खाली बसलं की ते झाड उलगडतं. खोड, पानं, घाटे, सगळ्यावर बारीक लव असते आणि त्या लवेच्या टोकाला ग्रंथी असतात. त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पहाटेचं दंव या लवेवर थेंबांच्या गुठळ्या करत नाही, केसागणिक एक कण असं बसतं. सूर्य झाडाच्या मागे ठेवून पाहिलं तर प्रत्येक घाट्याभोवती चांदीची कड उमटते. त्यात देशी हरभऱ्याचं नखाएवढं जांभळट गुलाबी फूल असतं, काबुलीचं पांढरं. फुलाच्या पाकळीवर शिरांचं जाळं असतं, ते साध्या मोबाइलच्या मॅक्रोमध्येही दिसतं.

हेच आम्ल मिसळलेलं दंव म्हणजे आंब. जुन्या लोकांची ते गोळा करण्याची रीत अशी होती: संध्याकाळी स्वच्छ धुतलेलं पातळ कापड हरभऱ्यावर अंथरायचं, पहाटे ते दंवाने भिजलं की पिळून घ्यायचं. पोटदुखीवर आणि अजीर्णावर ती बाटलीत जपून ठेवलेली असे. मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतात मी गुडघे टेकून बसलो होतो. शेताची मालकीण बांधावरून म्हणाली, ‘दादा, ते बूट काढून ठेवा, आंब खाईल त्यांना.’ मग तिने शेंड्याची दोन पानं खुडून माझ्या हातावर ठेवली. जिभेला ती आंबट झोंबली. हरभऱ्याच्या फोटोत ही चव उतरत नाही, पण ती माहीत असलेल्या माणसाने काढलेला फोटो वेगळा असतो, असं मला मनापासून वाटतं. त्याला लव दिसते, ती लव पेटवणारा उजेड कुठून हवा हे त्याला कळतं.

दंवाचा आणखी एक चमत्कार फारसा कुणी पाहिलेला नसतो. सूर्य पाठीशी ठेवून ओल्या गवतावर पडलेली आपली लांब सावली पाहावी. सावलीच्या डोक्याभोवती संतांच्या तसबिरीत असतं तसं उजळ वलय दिसतं. थेंब सूर्याचा किरण आपल्यामागच्या पात्यावर एकवटतो आणि तो उजेड आल्या वाटेनेच परत पाठवतो. म्हणून तो फक्त सूर्य आणि सावली यांच्या रेषेत उभ्या असलेल्या डोळ्यालाच मिळतो. शेजारी कुणी उभं असलं तर त्याला आपलं वलय दिसत नाही, स्वतःचं दिसतं. फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. शाळेत जाणाऱ्या मुलांना एकदा दाखवावं; मग ती रोज सकाळी आपापलं वलय पाहत चालतात.

आपल्याच शेतातल्या थंडीकडे आयुष्यभर पाहत राहिलेल्या एका माणसाची इथे आठवण काढली पाहिजे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली हा शेतकरी राहत असे. १८८५ साली, एकोणीस वर्षांचा असताना, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने हिमकणाचं छायाचित्र घेतलं. पुढे घरच्या शेतीचं काम सांभाळून त्याने पाच हजारांहून जास्त हिमकण टिपले. दंवाचीही छायाचित्रं घेतली. १९३१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. हिमकण शोधायला त्याला कुठे जावं लागलं नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण त्याच्यासारखी एकाच जागेवरची निष्ठा हरभऱ्याच्या एका सरीलाही देता येते.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. कॅमेरा कोणताही असो, तो समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून उजेड मोजतो. धुक्यासमोर धरला की तो धुकं काळवंडतो. म्हणून धुक्यात एक्स्पोजर थोडं वाढवावं आणि सूर्यासमोरच्या हरभऱ्यात थोडं उतरवावं. मोबाइलवर उजळ भागावर बोट टेकवून ते खाली ओढलं तरी काम होतं. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला तर कॅमेरा पहाटेचा निळा आणि नंतरचा पिवळा दोन्ही पुसून टाकू पाहतो. तो ‘डेलाइट’वर अडकवून ठेवावा. हल्लीचे मोबाइल सावल्याही स्वतःहून उजळवतात. ज्या सावलीसाठी आपण थंडीत उठलो तीच ते काढून घेतात, तेव्हा ती सोय बंद करायला शिकावं. गार झालेला कॅमेरा घेऊन एकदम चुलीपाशी जाऊ नये, काचेवर बाष्प धरतं. बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, ती खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. याहून जास्त तंत्र या विषयाला लागत नाही.

उजनीकडे वळायला हवं, कारण या पट्ट्यात कॅमेरे येतात ते मुख्यतः तिथेच. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठवण सुमारे ११७ टीएमसी. यशवंतसागर असं त्याचं नाव असलं तरी लोक उजनीच म्हणतात. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या बाजूला पसरलेल्या उथळ पाण्यात थंडीत रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, बदकांचे थवे येतात. पाणी जसजसं उतरतं तसतसा चिखलाचा काठ उघडा पडतो आणि रोहितांना तिथे खाणं मिळतं. डोकं उलटं बुडवून, वाकड्या चोचीतून चिखलपाणी गाळत ते चालतात.

तिथला अनुभव मात्र मला बऱ्याचदा खटकतो. पाण्यावर होडी गेली, थवा दिसला, की होडीवाला विचारतो, ‘उडवू का साहेब?’ प्रश्न त्याचा नसतो, त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकांनी त्याला तो शिकवलेला असतो. पंख उघडल्यावरचा गुलाबी-काळा रंग सर्वांना हवा असतो. पण खाण्याच्या वेळेला वारंवार उठवलेल्या पक्ष्याची ताकद त्या उडण्यात जाते, आणि पुढे त्याला मोठा प्रवास करायचा असतो. ‘नको, इथेच थांबू’ असं सांगितलं की होडीवालाही सुटतो. वल्हं आत घेतो, बोलायला लागतो. त्याच्याकडून कळतं की आता पाणी किती फूट उतरलं, कोणत्या काठाला चिलापी जास्त लागते, धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं देऊळ यंदा उघडं पडेल की नाही.

आणि थांबलं की उजनीचं खरं रूप दिसतं, ते पक्ष्यांच्या आधीचं असतं. पाणी दिवसभर तापलेलं, त्यावरची पहाटेची हवा गार. पाण्याच्या पृष्ठावरून वाफ उठते आणि त्या वाफेत आदल्या संध्याकाळी टाकलेली जाळी ओढणारे लोक असतात. होडीत नवरा-बायको दोघं, ती वल्हं धरते, तो जाळं उचलतो. पाण्याचा रंग सूर्य वर येईपर्यंत मिनिटागणिक बदलतो. या दृश्याला मोठी लेन्स लागत नाही. भिगवणला येणाऱ्यांनी एक सकाळ तरी लांबची लेन्स पिशवीत ठेवून काढावी.

ज्वारीकडे मी मुद्दाम उशिरा येतो आहे, कारण तिच्यावरून मला हलवत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या सबंध पट्ट्यात जी मालदांडी ३५-१ पेरली जाते, ती मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतूनच निवडलेली. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नंतर बहुतेक ठिकाणी पाऊस नाही, पाणीही नाही. खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर हे पीक उभं राहतं. शेतकरी म्हणतात, ज्वारी दंवावर पोसते. पानाच्या पन्हळीतून पहाटेचं दंव खोडाकडे उतरताना पाहिलं की हे बोलणं कुठून आलं ते डोळ्यांना पटतं.

डिसेंबरात ही काळी जमीन उलायला लागते. भेगा हात जाईल एवढ्या रुंद होतात आणि त्यांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपणी, वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी अर्धं पाणी’ असं इथे म्हणतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास, सूर्य बैलांच्या शिंगांच्या उंचीला आलेला असताना कोळपं चालतं, तेव्हा उठणारी बारीक धूळ ताटांच्या ओळींमध्ये भरून राहते आणि प्रत्येक ओळीतून उजेडाचा वेगळा पडदा पडतो. बैलांच्या तोंडाला मुसकी, कोळप्याच्या मागे वाकलेला माणूस, त्याच्या मागे नुकती हललेली गर्द माती. यातल्या भेगांचा फोटो वेगळा काढावा, वरून, सरळ खाली. कोरडवाहू शेतीची सगळी चिंता त्या एका चौकटीत असते, आणि ती चौकट विलक्षण सुंदरही असते. या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवता आल्या पाहिजेत. नुसती सुंदर भेग दाखवणं मला अपुरं वाटतं.

जानेवारीत ज्वारी पोटरीतून निसवते, कणीस बाहेर येतं, दाण्यात चीक भरतो. मग हुरडा. आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचे आणि हातावर कणीस चोळणाऱ्यांचे फोटो आता भरपूर निघतात. हुरडा पार्ट्यांनी ते काम चोख केलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला ओढ असते भोरड्यांची. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणारे हे गुलाबी-काळे पक्षी पावसाळा सरता सरता इथे उतरतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारीत दाणा भरला की त्यांचे थवे शेतावर झडप घालतात. माळ्यावर उभा असलेला राखण्या गोफण फिरवतो, थवा एकदम उठतो, वळतो, वळताना सगळ्याचा रंग पालटतो, आणि शेजारच्या शेतात उतरतो. तिथला राखण्या ओरडायला लागतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलं तर एकेक पक्षी सुटा दिसतो. तिसाव्या भागात टिपलं तर थव्याची धाव दिसते, आणि खाली उभा असलेला माणूस तेवढा स्थिर राहतो. मला दुसरा फोटो जास्त खरा वाटतो, कारण राखण्याला भोरड्या तशाच दिसतात. त्याचं त्या दाण्यांवर वर्ष अवलंबून आहे. भोरड्यांच्या फोटोत तो असायलाच हवा.

माळाचं वेगळं. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी जाहीर झालं. माळढोक आता तिथे दिसणं दुर्मीळ आहे. पण तिथल्या आणि आसपासच्या गवताळ माळांवर थंडीत भोवत्या पक्षी मध्य आशियातून येतात, दिवसभर गवतावरून खालून खालून उडत शिकार करतात आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर रात्र काढायला एकत्र उतरतात. काळविटांचे कळप वाळक्या गवतात उभे असतात. या सगळ्यांच्या पायाशी कुसळी. तिच्या प्रत्येक बीला लांब कुसळ असतं. दमट हवेत ते उलगडतं, कोरड्या उन्हात पिळतं, आणि या पिळण्या-उलगडण्यातून बी जमिनीत आपलं आपण रुतवून घेतं. सकाळी दंवाने शेजारशेजारची कुसळं एकमेकांत गुंतून दोरीसारखी वळलेली असतात. अशा माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीचा एक चांगला फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर त्या जमिनीचं काय करायचं याची चर्चा थोडी वेगळी होईल, अशी मला आशा आहे.

झाडांची नावं तेवढी घेतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरीचा पिवळा फुलोरा, उसाचे रुपेरी तुरे. थंडी सरता सरता निष्पर्ण काटेसावर, पांगारा, मग पळस. सावरीच्या लाल फुलांवर सकाळी मधासाठी इतके पक्षी जमतात, की त्या एका झाडाखाली दिवस काढता येतो.

वेळ अमावास्येबद्दल मात्र थांबून लिहिलं पाहिजे. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव रानात जातं. येळवस म्हणतात तिला. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून पुजतात. भज्जी, उंडे, आंबील, खीर असा स्वयंपाक डोक्यावरून शेतात येतो. आंबील पिकावर शिंपडतात. काही गावांत संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेटता पलिता, शेताभोवती फिरवतात. या दिवशी ज्वारी साधारण कमरेच्या वर असते, करडईचे काटे अजून कोवळे, हरभरा फुलावर. फोटो काढणाऱ्याला वाटतं की कोप आणि माणसं हा विषय आहे. मला वाटतं, या दिवशी पिकाकडे पाहणारे चेहरे हा विषय आहे. वर्षभर ज्या शेतात नुसतं राबायचं, त्याच शेतात त्या दिवशी बसून जेवायचं असतं. शहरात गेलेले मुलगे-सुना आलेले असतात, म्हातारा त्यांना बांधाबांधाने फिरवून दाखवत असतो की इथे उगवण विरळ झाली, इथे रानडुकरांनी तुडवलं. अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कॅमेरा गळ्यात असला तरी आधी पंगतीला बसावं.

या सगळ्याची घाई मला एका कारणाने वाटते. उजनीचं पाणी जिथे जिथे पोचलं, तिथे ऊस आला. शेतकऱ्याने ज्वारीवर अडून राहावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. ज्वारीची काढणी कष्टाची आहे, मजूर मिळत नाहीत, उसाचा भाव त्या मानाने बांधलेला असतो. पण उसाच्या शेतात कोळप्याची ती धूळ नसते, राखण्याचा माळा नसतो, हुरडा नसतो. राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटलं आहे. ज्या गावात आज शेवटची दहा-वीस एकर ज्वारी उरली आहे, तिथल्या मुलाने ती थंडीभर, एकाच बांधावरून, एकाच जागेवरून टिपून ठेवली, तर पन्नास वर्षांनी तो दस्तऐवज कुठल्याही अभयारण्याच्या चित्रांइतका मोलाचा ठरेल. पेरणीपासून कडब्यापर्यंत. तारीख टाकून.

काढणी फेब्रुवारीत सुरू होते. रब्बी ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. भेगाळलेल्या कडक जमिनीतून ताट ओढायला दोन्ही हात आणि कंबर लागते. गुत्तं घेतलेल्या टोळ्या अंधारात शेतावर पोचतात, कारण दंवाने पाती मऊ असतात आणि ऊन चढलं की पात्याची कड हात कापते. सूर्य उगवतो तेव्हा अर्ध्या शेताचं पीक आडवं झालेलं असतं. मागे कणसं मोडणाऱ्या बायका, त्यांच्या पदरावर कोंड्याची कूस. उपटलेल्या मुळांना चिकटलेली माती झटकली की तिचे कण क्षणभर उन्हात लटकतात.

बार्शीच्या बाजूच्या अशा एका टोळीचे फोटो मी मोठे छापून पुढच्या खेपेला नेले होते. ऊन, धूळ, मागचा तांबूस पट्टा, मला त्यात जे हवं होतं ते सगळं आलं होतं. टोळीतल्या सर्वांत वयस्कर मावशींनी फोटो हातात घेतला, स्वतःच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि कणसावर बोट ठेवलं. ‘दाणा बारीक राहिलाय बघा,’ त्या शेजारणीला म्हणाल्या. ‘हे वरच्या तुकड्यातलं. पोटरीत होती तवा ओल हटली.’ मग दोघींची त्या वर्षी पाऊस कधी थांबला यावर बरीच चर्चा झाली, आणि फोटोवरून त्यांनी ते आठवड्यापर्यंत आणलं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रतीच्या मागे तारीख, गावाचं नाव, पिकाचं वाण आणि शेवटचा पाऊस कधी पडला होता ते लिहून ठेवतो. आणि एक प्रत ज्यांच्या शेतातली आहे त्यांच्या घरी राहते.